रायफलचा पट्टा : प्रशिक्षणवर्गाला जाण्यापूर्वीची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये रायफल नेमबाजी शिकू लागलेल्या बहुतेक मुलांची सुरुवात 10 मीटर एअर रायफलने होते. हा प्रकार उभ्याने खेळायचा असतो, आणि उभ्या स्थितीत पट्टा, म्हणजेच स्लिंग, वापरण्यास आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे वर्ष-दोन वर्षे सराव झालेल्या मुलालाही पट्ट्याची ओळख नसते. पुढे एनसीसीच्या शिबिरात .22 रायफल घेऊन पालथे पडण्याची वेळ येते, किंवा 50 मीटरच्या वर्गात नाव घातले जाते, तेव्हा सामानाच्या यादीत एकदम ‘स्लिंग’ हा शब्द दिसतो आणि कोणता घ्यावा, केवढ्याचा घ्यावा, हा प्रश्न घरात उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर पट्ट्याच्या इतिहासात दडलेले आहे, कारण आज बाजारात दिसणारे निरनिराळे पट्टे वेगवेगळ्या काळांतील वेगवेगळ्या गरजांतून निघालेले आहेत आणि त्यांतील थोडेच नेमबाजीच्या वर्गासाठी जन्मले आहेत.

मुळात पट्टा हे बंदूक वाहून नेण्याचे साधन होते. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकांनाही पाठीवर टाकण्यासाठी पट्टे लावलेले आढळतात. अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळाच्या हाती असलेल्या ‘ब्राउन बेस’ या बंदुकीला दोन कड्या असत, एक चापाच्या संरक्षक पट्टीच्या पुढे आणि दुसरी नळीखालच्या लाकडाच्या पुढच्या भागात. त्यांतून चामड्याचा पट्टा ओवला जाई. ती बंदूक गुळगुळीत नळीची होती, तिच्यातून रांगेने आणि हुकमाने बार काढले जात, आणि एका माणसावर नेम धरण्यापेक्षा समोरच्या फळीवर गोळ्यांचा मारा करणे हाच तिचा उपयोग होता. असा मारा करताना दंडाला पट्टा गुंडाळून हात स्थिर करण्याचे प्रयोजनच नव्हते. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव झाला, तोही याच जातीच्या बंदुकांच्या काळात. त्यानंतर जानेवारी 1818 मध्ये मंदसोरचा तह झाला आणि त्याच वर्षी इंदूरजवळ महूची छावणी वसवली गेली. त्याच महूत आज पायदळाचे इन्फंट्री स्कूल आणि लष्कराचे मार्क्समनशिप युनिट आहे, म्हणजे रायफल चालवण्याचे देशातील अत्यंत काटेकोर शिक्षण आपल्या दारातच चालते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आट्यांच्या नळीची, म्हणजे नळीत आतून पिळदार खाचा असलेली रायफल सामान्य शिपायाच्या हातात आली आणि दूरवर नेम धरणे शक्य झाले. ब्रिटनमध्ये 1853 साली हाइथ येथे बंदूकबाजीची शाळा निघाली, 1859 मध्ये तेथील नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी विम्बल्डनच्या माळावर स्पर्धा सुरू झाल्या. त्या 1890 मध्ये बिझली येथे हलल्या. गोळी कोठे लागली याची एकेका नेमबाजाकडून मोजदाद होऊ लागली, तेव्हा हात का हलतो याचाही विचार सुरू झाला, आणि ओझे वाहणारा पट्टा नेमाच्या कामी येऊ लागला.

या बदलाचा सर्वांत स्पष्ट नमुना म्हणजे अमेरिकी सैन्याने 1907 मध्ये स्वीकारलेला चामड्याचा पट्टा. तो दोन तुकड्यांचा होता. सव्वा इंच रुंद, काठाने छिद्रांच्या जोड्या, त्यांत अडकणारे पितळी आकडे आणि वर-खाली सरकणारी चामड्याची कडी, अशी त्याची रचना होती. पुढच्या तुकड्याचा फास करून तो दंडात चढवायचा, कडी दंडापर्यंत घट्ट सरकवायची आणि हात पट्ट्याभोवतून फिरवून रायफलखाली न्यायचा. मागचा तुकडा सैल राही, कारण नेम धरताना त्याचा काहीच उपयोग नसे. माझ्या मते या पट्ट्यात पट्ट्याचे सारे शास्त्र आलेले आहे. नंतर बदलले ते मुख्यत्वे साहित्य आणि बक्कल.

ते शास्त्र समजायला कठीण नाही. पालथे पडून रायफल धरली की डाव्या हाताचे कोपर जमिनीवर टेकते. पट्टा नसेल तर रायफलचे वजन मनगट, पंजा आणि दंडाचे स्नायू पेलतात. स्नायू थकतात, थरथरतात आणि दर श्वासाबरोबर वेगळे वागतात. दंडावरून निघालेला पट्टा रायफलच्या पुढच्या कडीला जोडला की कोपराच्या खालची बाजू, दंड आणि पट्टा यांचा त्रिकोण होतो, वजन हाडांवरून जमिनीत उतरते आणि रायफलचा दस्ता आपोआप खांद्यात दाबला जातो. हाताने आवळून धरण्याची गरज उरत नाही. पंजा उघडा पडला तरी रायफल जागेवर राहायला हवी.

आता पैशांचा मुद्दा, आणि तोही जुनाच आहे. चामडे महाग, त्याला तेल लावावे लागते, ते ताणते, आणि पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी धरते. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात आणि त्यानंतर चामड्याच्या सामानाचा अनुभव वाईट आल्यामुळे ब्रिटिश सैन्याने 1908 मध्ये शिपायाचे सगळे सामानच जाड विणीच्या सुती पट्ट्यांचे केले. ली-एनफिल्ड रायफलला टोकांशी पितळ बसवलेला सुती पट्टा असे, आणि तोच पट्टा आपल्याकडच्या पोलीस आणि लष्कराच्या .303 रायफलींवर पुढे कित्येक दशके दिसत राहिला. आपण बाजेला विणतो त्या नवारीचाच हा दणकट भाऊ म्हणता येईल. अमेरिकेनेही दुसऱ्या महायुद्धात चामड्याऐवजी सुती पट्टा काढला. त्याला एक बक्कल, एक आकडा आणि एक सरकती कडी, एवढेच भाग होते. छिद्रे नसल्यामुळे त्याची लांबी हवी तेथे थांबवता येते. तेथील स्वयंसेवक चालवत असलेल्या ॲपलसीड शिबिरांत नवशिक्यांना आजही याच साध्या सुती पट्ट्यावर शिकवले जाते.

स्वस्त साधनांवर नेमबाजी शिकवण्याचा विचारही बोअर युद्धातूनच आला. बोअर शेतकऱ्यांच्या अचूक गोळीबारापुढे ब्रिटिश शिपाई उघडा पडला, आणि कानपूरला जन्मलेले ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांनी सामान्य माणसाने नेमबाजी शिकावी यासाठी मोहीम चालवली. 1901 मध्ये कामगारांच्या रायफल क्लबांची संस्था निघाली. मोठ्या रायफलीची काडतुसे महाग आणि मैदान लांबलचक लागणार, म्हणून .22 ची छोटी रायफल आणि जवळचे लक्ष्य हा मार्ग या क्लबांनी रुळवला. आपल्या एनसीसीत मुले .22 रायफलने 25 यार्डांवर पालथे पडून गोळ्यांचा पुंजका साधतात, ती पद्धत याच घराण्यातली आहे. एनसीसीचा कायदा 1948 चा. भारताची नॅशनल रायफल असोसिएशन 1951 मध्ये स्थापन झाली आणि तिचे संस्थापक-अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, बडोद्यात जन्मलेले मराठी गृहस्थ. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा त्यांच्याच नावाने भरते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलांना हे आवर्जून सांगावे असे मला वाटते.

स्पर्धेच्या क्षेत्रात पट्टा पुढे आणखी वेगळा झाला. स्पर्धेचा पट्टा मागच्या कडीला जोडलेलाच नसतो. तो डाव्या दंडावरून निघून रायफलच्या पुढच्या भागाला एकाच ठिकाणी जोडायचा असतो, त्याची रुंदी 40 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि तो मनगटाच्या एकाच बाजूने गेला पाहिजे. पालथ्या स्थितीत कोपराखालच्या हाताचा जमिनीशी कोन 30 अंशांपेक्षा कमी असू नये, हाही नियम आहे, नाही तर पट्टा आवळून नेमबाज जमिनीला चिकटलाच असता. म्युनिकमध्ये 2010 साली तेजस्विनी सावंत 50 मीटर प्रोनची, म्हणजे पालथ्या स्थितीतील प्रकाराची, जगज्जेती झाली ती याच पट्ट्याच्या प्रकारात. पॅरिस ऑलिंपिकमध्ये 1 ऑगस्ट 2024 रोजी स्वप्नील कुसाळेने 451.4 गुणांवर कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारात गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तीन स्थिती असतात. पहिल्या दोहोंत पट्टा असतो आणि तिसऱ्यात तो काढावा लागतो. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत स्वप्नील, अखिल शेओरान आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांनी 1769 गुणांच्या विश्वविक्रमासह सांघिक सुवर्ण जिंकले, ते याच तीन स्थितींच्या प्रकारात.

याउलट गेल्या काही दशकांत एका टोकाला अडकवायचे, तीन ठिकाणी गुंतणारे, झटक्यात लांब-आखूड होणारे नायलॉनचे पट्टे आले, ते हात मोकळे ठेवून हालचाल करणाऱ्या सैनिक-पोलिसांसाठी आहेत. दुकानात तेच सर्वांत आकर्षक दिसतात आणि नवशिका नेमका त्यांवर पैसे घालवतो. वर्गात दंडाला फास करायची वेळ आली की त्यांतील एकबिंदू पट्टा निरुपयोगी ठरतो आणि गुळगुळीत नायलॉन जाकिटावरून घसरत खाली येतो.

म्हणून पहिल्या वर्गासाठी साधा सुती, दोन कड्यांचा, सरकत्या बक्कलाचा पट्टा घ्यावा. महूच्या बाजारात फौजी सामानाच्या दुकानांत असे पट्टे काही शे रुपयांत मिळू शकतात. घेण्यापूर्वी रायफलची कडी मोजावी, कारण लष्करी जातीच्या रायफलींना साधारण 32 मिलिमीटरचा पट्टा लागतो तर शिकारी आणि हलक्या रायफलींच्या कड्या बहुधा 25 मिलिमीटरच्या असतात, आणि रुंद पट्टा अरुंद कडीत दुमडून घातला की तो सारखा अडतो. बक्कलात पट्टा घालून दोन्ही हातांनी जोरात ओढून पाहावा. तो किंचितही सरकला तर तो पट्टा नको. टोकाची शिवण दुहेरी आहे का तेही पाहावे. एनसीसीत रायफल आणि पट्टा युनिटकडूनच मिळतो, तेथे काही विकत घ्यायचे कारण नाही.

वापरताना रायफल रिकामी आहे याची प्रशिक्षकासमोर खात्री करूनच पट्टा चढवावा. फास दंडावर शक्य तितका वर, काखेच्या जवळ असावा. पट्ट्याला अर्धा पीळ दिला की तो हाताच्या पाठीवर सपाट बसतो आणि कड रुतत नाही. पंजा पुढच्या कडीपर्यंत न्यावा, आणि दस्ता खांद्यात घालण्यासाठी उजव्या हाताने थोडे ढकलावे लागेल इतकीच लांबी ठेवावी. दस्ता सहज शिरला तर पट्टा सैल आहे. पाच-सात मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या तर तो फार घट्ट आहे. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, नाडीच्या ठोक्याबरोबर उडताना दिसली तर फास दंडाच्या धमनीवर आला आहे, तो बाहेरच्या बाजूला सरकवावा. मग डोळे मिटून दोन श्वास घ्यावेत आणि उघडून पाहावे. नेम बाजूला गेला असेल तर हाताने रायफल ओढू नये, कोपर जागेवर ठेवून पोट आणि पाय सरकवावेत. हे सगळे जमायला मुलाला तीन-चार दिवस लागतात, आणि या दिवसांत एकही गोळी न झाडता घरच्या सतरंजीवर केलेला सराव मैदानावरच्या सरावाइतकाच उपयोगी पडतो.

पट्ट्याचा ताण नळीखालच्या लाकडावर येत असल्यामुळे ज्या रायफलीत लाकूड नळीला टेकलेले असते तिच्यात ताण बदलला की गोळ्यांचा पुंजकाही जागा बदलतो. यासाठी लांबी एकदा ठरली की सुती पट्ट्यावर बक्कलाच्या जागी शाईची रेघ ओढून ठेवावी. पट्टा भिजला तर आकसतो, तेव्हा जुलै-ऑगस्टच्या वर्गात ती रेघ पुन्हा तपासून घ्यावी.