एव्हियॉनिक्सचा मॅनेजर आणि सहीचा अधिकार

विमानात रेडिओ, दिशादर्शक आणि ऑटोपायलट हे सुटे डबे होते, तोवर एव्हियॉनिक्सचा (विमानातल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा) प्रमुख म्हणजे गटातला सर्वांत जाणता इंजिनिअर. बढती अनुभवावर मिळे. १९७३ मध्ये लष्करी विमानांसाठी १५५३ डेटा बसचं, म्हणजे डब्यांमध्ये माहिती नेणाऱ्या सामाईक तारेचं, मानक आलं, पुढे नागरी विमानांत एरिंक ४२९ हे त्याच कामाचं मानक रुजलं, आणि डबे एकमेकांशी बोलू लागले. मग कोणता डबा कोणाला काय सांगणार, हे लिहिलेला कागद ज्याच्या हातात, त्याला मॅनेजरपद चालून येई. १९८८ मध्ये एअरबसचं ए३२० सेवेत आलं. तारांतून जाणाऱ्या संकेतांवर उडणारं प्रवासी विमान रोजचं झालं आणि सॉफ्टवेअरचे लोकही या वाटेवर आले.

आजच्या करिअरला आकार दिला तो मात्र १९९२ च्या डीओ-१७८बी ने, म्हणजे विमानातल्या सॉफ्टवेअरसाठीच्या मानकाने. सॉफ्टवेअर चुकलं तर विमानाचं काय होईल, यावर ए (सर्वांत गंभीर) ते ई अशा पातळ्या. ए पातळीला ६६ उद्दिष्टं, त्यांतली २५ 'इंडिपेंडन्स'सह. या शब्दाने बराच घोळ घातला. अर्थ एवढाच, की ज्याने काम केलं त्यानेच ते तपासू नये. पण बऱ्याच ठिकाणी त्यातून वेगळा विभाग आणि वेगळा मॅनेजर असं निघालं, आणि डेव्हलपमेंट व व्हेरिफिकेशन अशा दोन शिड्या उभ्या राहिल्या. दुसरी शिडी कमी प्रतिष्ठेची समजली गेली; माझ्या मते हे या क्षेत्राचं मोठं नुकसान. २०११ च्या डीओ-१७८सी या सुधारित आवृत्तीत ए पातळीच्या ७१ पैकी ३० उद्दिष्टांना इंडिपेंडन्स लागू झाला, तरी समज फारशी बदलली नाही.

खरा वाद सहीचा, म्हणजे काम नियमांत बसतं असं लिहून देण्याचा. अमेरिकेत नियामकाच्या (सरकारी विमान वाहतूक यंत्रणेच्या) वतीने नियमपालन तपासणारा इंजिनिअर अनेकदा कंपनीचाच पगारदार असतो. जुन्या पद्धतीत त्या व्यक्तीला नेमणारा नियामक असे, म्हणून मॅनेजर त्याच्याशी जपून वागे. २००५ च्या नियमाने हा अधिकार व्यक्तीऐवजी संस्थेला देण्याची वाट रुंद केली आणि माणसं निवडणं बरंचसं कंपनीकडे गेलं. बाजू घ्यायची तर, नियामकाकडे एवढे इंजिनिअर नव्हतेच. पण सही करणाऱ्याची वार्षिक पगारवाढ आणि प्रकल्पाची तारीख एकाच टेबलावर आली, हे कुणालाही दिसत होतं.

२०१८ आणि २०१९ मध्ये बोइंगच्या ७३७ मॅक्सच्या दोन अपघातांत ३४६ जण गेले. एकाच सेन्सरच्या चुकीच्या मापावर विमानाचं नाक खाली दाबणारं सॉफ्टवेअर चौकशीच्या केंद्रस्थानी आलं, आणि त्याच्याबरोबर सहीची ही व्यवस्थाही. डिसेंबर २०२० च्या अमेरिकी कायद्याने अशा प्रत्येक सहीकर्त्याला नियामकाची मंजुरी सक्तीची केली आणि वरिष्ठाने त्याच्या कामात ढवळाढवळ केल्यास दंडाची तरतूद केली.

धमकावणं आणि झापणं हे या ढवळाढवळीत येतं, त्यात नवल नाही. कायद्याने आणखीही एक गोष्ट त्यात धरली आहे: तपासणीच्या कामाला आड येणारी दुसरी कामं त्या माणसावर असणं. आता काम वाटून देणं हे तर मॅनेजरचं रोजचंच काम. वेळापत्रक घसरलं की तो पहिल्यांदा हात घालतो तो नेमका तिथेच.