राख, औष्णिक वीजकेंद्रांची

औष्णिक वीजकेंद्रात दगडी कोळसा जळाल्यावर जे खनिज द्रव्य मागे उरते ती ही राख. बॉयलरच्या तळाशी पडणारी जाड, रेताड ती तळराख. धुरासोबत वर निघणारी ती उडती राख, म्हणजे फ्लाय अॅश. एकूण राखेत उडत्या राखेचा वाटा साधारण 80 टक्के असतो. कोळशाच्या दुष्परिणामांचा विषय निघाला की बोलणे धुरावर आणि तापमानवाढीवर येते, आणि ते रास्तच आहे. पण धूर आभाळात जाऊन सगळ्यांच्या वाट्याला येतो. राख मात्र केंद्राशेजारच्या गावांच्याच पदरी पडते.

चुलीतल्या राखेशी हिची गल्लत करू नये. भांडी घासायला किंवा कडधान्याला कीड लागू नये म्हणून चोळायला घरोघर वापरत ती राख लाकडाची, पोटॅश आणि चुन्याची. कोळशाची राख मुळात गाळाची आहे. विदर्भातला कोळसा गोंडवन काळातला, 25 कोटी वर्षांहून जुना. तेव्हाच्या दलदलीत झाडपाला साचत होता आणि पुरासोबत मातीही येत होती. ती कोळशाच्या कणाकणात मुरली, त्यामुळे कोळसा धुतला तरी पूर्ण सुटत नाही. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण 30 ते 45 टक्के भरते ते यामुळे. गंधक कमी, ही त्याची जमेची बाजू.

हजार वॉटची इस्त्री तासभर चालली की एक युनिट वीज खर्च होते. ते युनिट कोळशावर तयार करायला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. त्यातून किलोभराच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो आणि पाव किलो राख उरते, म्हणजे मोठी वाटी भरून. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे. ते पूर्ण क्षमतेने चालले तर याच हिशेबाने ताशी सातशे टनांच्या आसपास राख. देशभरात वर्षाला 25 कोटी टनांहून जास्त राख तयार होते.

चिमणीच्या आधी धूर उच्च दाबाची वीज सोडलेल्या पत्र्यांमधून नेतात. कण पत्र्यांना चिकटतात आणि ठोके देऊन खाली पाडले जातात. ही यंत्रणा धड चालली तर 99 टक्क्यांहून जास्त राख इथेच अडते. अडवलेली राख कोरडीच उचलली नाही तर पाण्यात कालवून पाइपातून राखेच्या बंधाऱ्यात सोडतात. पाणी वर राहते, राख तळाशी बसते.

खरा त्रास इथून सुरू होतो. चैत्र-वैशाखात बंधाऱ्याचा वरचा थर वाळतो आणि वावटळ उठली की राख गावावर येते. वाळत घातलेल्या धुण्यावर, तुळशीच्या पानांवर करडा थर बसतो. चिमटीत चोळून पाहिली तर पिठासारखी मऊ लागते. सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या गोल मण्यांसारखे कण दिसतात. त्यातले सर्वांत बारीक कण थेट फुप्फुसात उतरतात. पानांवर थर साचला की झाडाला पुरेसा उजेड मिळत नाही आणि पिकाची वाढ खुंटते.

पाण्याची बाजू याहून गंभीर. राखेत आर्सेनिक, शिसे, क्रोमियम, पारा यांचा अल्प अंश असतो. तळाला अस्तर नसलेल्या बंधाऱ्यातून तो झिरपून विहिरींपर्यंत पोचू शकतो. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळा येथील राखेचा बंधारा मुसळधार पावसात फुटला. चिखल शेतांत शिरला, कोलार आणि कन्हान नद्यांत उतरला. नागपूरला कन्हानमधून पाणी येते, त्यामुळे झळ शहरालाही बसली.

राख कामाचीही आहे. पीपीसी, म्हणजे पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के उडती राख मिसळतात. राखेच्या विटांमुळे शेतातली सुपीक माती भट्टीत जात नाही. केंद्र सरकारने 1999 मध्ये राखेच्या वापराची पहिली अधिसूचना काढली. 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने तर पूर्ण वापर सक्तीचा केला आणि तो न झाल्यास टनामागे 1,000 रुपये भरपाई ठरवली. नियम चांगला आहे. मात्र राख केंद्राबाहेर गेली एवढ्याने काम संपत नाही: ताडपत्री न बांधलेल्या हायवा ट्रकमधून ती रस्ताभर सांडते.

बंद खाणींचे खड्डे राखेने भरणे हाही नियमानुसार वापरच ठरतो. कोळसा जिथून काढला तिथेच राख परत नेण्याची ही कल्पना सोयीची आहे खरी, पण खुल्या खाणीचा तळ बहुधा भूजलाच्या पातळीखाली असतो. तिथे राख टाकण्याआधी तळाला अस्तर हवे आणि आजूबाजूच्या विहिरींचे पाणी तपासलेले हवे. राख भरून झाल्यावरही ही तपासणी वर्षानुवर्षे चालू ठेवावी लागते.