संसद बरखास्त करून आणलेली लोकशाही

बाहेरून फौज घालून एखाद्या देशात लोकशाही रुजवता येते का, हा वाद निघाला की इराक आणि अफगाणिस्तानची नावं हमखास येतात. दुसरी बाजू जर्मनी-जपानचे दाखले देते. हैतीचं नाव सहसा कुणी काढत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या या छोट्या देशात अमेरिकेचं सैन्य १९१५ मध्ये उतरलं आणि एकोणीस वर्षं राहिलं.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. गुलामांनी फ्रेंचांना हरवून १८०४ मध्ये हा देश स्वतंत्र केला. पुढच्याच वर्षी पहिले राज्यकर्ते देसालीन यांच्या राज्यघटनेत कलम आलं की कुणीही गोरा माणूस इथे मालक म्हणून पाऊल ठेवणार नाही. पुन्हा मळे, पुन्हा मालक, पुन्हा चाबूक नको, एवढाच त्याचा अर्थ. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका पाठवून या स्वातंत्र्याची किंमत मागितली, १५ कोटी फ्रँक. पुढे रक्कम कमी झाली, पण ती फेडायला काढलेल्या कर्जांनी देशाचं कंबरडं मोडलं ते मोडलंच.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या कर्जांच्या व्यवहारात न्यूयॉर्कच्या बँका शिरल्या. डिसेंबर १९१४ मध्ये अमेरिकन नौसैनिकांनी हैतीच्या राष्ट्रीय बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचललं, 'मकायस' या युद्धनौकेवर चढवलं आणि थेट न्यूयॉर्कला पोचवलं. लोकशाहीची गोष्ट अजून निघायचीच होती.

निमित्त पुढच्या वर्षी मिळालं. १९११ पासून अध्यक्षांमागून अध्यक्ष हाकलले जात होते, एक तर राजवाड्यातल्या स्फोटात गेला. जुलै १९१५ मध्ये अध्यक्ष साम यांच्या राजवटीत तुरुंगातल्या दीडशेहून जास्त राजकीय कैद्यांची कत्तल झाली. चिडलेल्या जमावाने फ्रेंच वकिलातीत लपलेल्या साम यांना ओढून काढून ठार केलं. त्याच दिवशी, २८ जुलैला, अमेरिकेचे अ‍ॅडमिरल कॅपर्टन यांची माणसं राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्सला उतरली. अराजक खरंच होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण नंतर काय झालं ते बघण्यासारखं आहे. लोकांमध्ये वजन असलेले रोसाल्व्हो बोबो अमेरिकेला नको होते. म्हणून सैन्याच्या पहाऱ्यात दार्तिगनाव्ह यांची अध्यक्षपदी निवड झाली आणि पाठोपाठ करार आला: जकात अमेरिकेच्या हाती, खजिन्यावर अमेरिकन सल्लागार, आणि नवं सशस्त्र दल अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली. वसईचा तह आणि तैनाती फौज ज्यांनी शाळेत वाचली आहे, त्यांना हा मसुदा वेगळा समजावून सांगायला नको.

खरी कसोटी लागली ती घटनेच्या वेळी. परदेशी माणसाला जमीन घेता येईल अशी तरतूद असलेली नवी राज्यघटना वॉशिंग्टनला हवी होती. हैतीच्या निवडून आलेल्या संसदेने ती नाकारली आणि स्वतःची घटना लिहायला घेतली. तेव्हा जून १९१७ मध्ये नव्या दलाचे प्रमुख मेजर स्मेडली बटलर अध्यक्षांच्या सहीचा हुकूम घेऊन थेट सभागृहात गेले. सभेचे प्रमुख होते स्तेनिओ व्हँसाँ. सशस्त्र पोलिसांच्या देखत संसद बरखास्त झाली. जग लोकशाहीसाठी सुरक्षित केलं पाहिजे, असं अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांनी अमेरिकन काँग्रेसपुढे सांगितलं होतं, त्याला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

संसदच नाही म्हटल्यावर १९१८ मध्ये जनमत घेण्यात आलं. बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, मतदान केंद्रांवर बंदूकधारी उभे होते. बाजूने सुमारे ९८ हजार मतं, विरोधात ८०० सुद्धा नाहीत. देसालीनच्या काळापासूनची जमिनीवरची बंदी गेली. ही घटना आपणच लिहिली, अशी बढाई पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले फ्रँकलिन रुझवेल्ट यांनी १९२० च्या प्रचारात मारली आणि ती त्यांच्या चांगलीच अंगाशी आली.

खेड्यापाड्यांत या राजवटीचा अनुभव वेगळाच होता. जुन्या कायद्याचा आधार घेऊन शेतकऱ्यांना वेठीला धरून रस्ते बांधून घेतले गेले. माणसं दोरीने बांधून नेली जात. गुलामगिरी मोडून उभ्या राहिलेल्या देशात याचा अर्थ काय होतो, हे अधिकाऱ्यांना कळलं नसेल असं वाटत नाही. बंड पेटलं. त्याचे पुढारी शार्लमान्य पेराल्त १९१९ मध्ये दग्याने मारले गेले. लोकांची खात्री पटावी म्हणून त्यांचं प्रेत दाराला बांधून काढलेला फोटो गावोगाव वाटला. घडलं उलटंच. कॅथलिक हैतीला त्या फोटोत क्रुसावरचा येशू दिसला आणि पेराल्त कायमचे हुतात्मे झाले.

रस्ते झाले, पूल झाले, दवाखाने झाले. समर्थक हे आजही सांगतात आणि ते खोटं नाही. पण निवडून आलेली संसद मात्र १९३० पर्यंत भरली नाही. तीही १९२९ मध्ये ले-के गावाजवळ नौसैनिकांनी शेतकऱ्यांच्या जमावावर गोळ्या झाडल्या आणि अमेरिकेतच ओरड झाली, त्यानंतर. मग अध्यक्ष कोण झाले? तेच स्तेनिओ व्हँसाँ, ज्यांची सभा बटलरनी उधळली होती. १९३४ मध्ये सैन्य परत गेलं. पुढच्याच वर्षी व्हँसाँ यांनी जनमत घेऊन स्वतःची मुदत वाढवून घेतली.

बटलर निवृत्तीनंतर उघड बोलू लागले. हैतीत आपण न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेच्या वसुलीसाठी राबलो, असं त्यांनी १९३५ मध्ये लिहून टाकलं. त्यांनी घडवलेलं दल मात्र देशातली सर्वांत मजबूत संस्था म्हणून मागे उरलं. १९४६ आणि १९५० मध्ये याच सैन्याने अध्यक्ष उलथवले, १९५७ मध्ये त्याच्याच आशीर्वादाने पुढे हुकूमशहा झालेले दुव्हालिए आले. डिसेंबर १९९० मध्ये मोठ्या बहुमताने अध्यक्षपदी निवडून आलेल्या आरिस्तीद यांना सैन्याने वर्षाच्या आत हाकललं. १९९४ मध्ये सुमारे २० हजार अमेरिकन सैनिक त्यांना परत बसवायला आले, मोहिमेचं नावच 'लोकशाहीचं रक्षण'. आरिस्तीद यांनी परतल्यावर सैन्यच मोडीत काढलं. २००४ मध्ये बंडखोर राजधानीच्या तोंडाशी आले, तेव्हा तेच आरिस्तीद अमेरिकन विमानातून देशाबाहेर गेले. मागोमाग संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली आणि २०१० मध्ये तिच्या छावणीतून पसरलेल्या कॉलऱ्याने हजारो माणसं दगावली.

२०१७ मध्ये अध्यक्ष मोईझ यांनी सैन्य पुन्हा उभं केलं. २०२१ मध्ये त्यांची राहत्या घरात हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या दहा सिनेटरांची मुदत संपली आणि देशपातळीवर निवडून आलेला एकही माणूस पदावर उरला नाही. जून २०२४ मध्ये टोळ्यांशी लढायला केनियाचे पोलीस पोर्ट-ऑ-प्रिन्सला उतरले, तेव्हाही नव्या निवडणुकीची तारीख ठरलेली नव्हती.