स्मार्ट ग्रिडमधील संदेशवहन आणि डेटा तंत्रज्ञान

वीजनिर्मिती केंद्रापासून ग्राहकाच्या मीटरपर्यंत पसरलेल्या जाळ्यातील दाब, प्रवाह, वारंवारता, उपकरणांची स्थिती आणि विजेचा वापर मोजणारी, ही माहिती वाहून नेणारी, साठवणारी आणि तिच्या आधारे जाळ्याला आदेश देणारी जी साधने व पद्धती असतात, त्यांना एकत्रितपणे स्मार्ट ग्रिडची संदेशवहन व डेटा तंत्रज्ञाने म्हणतात. मोठ्या जाळ्यात वीज साठवण्याची सोय मर्यादित असल्यामुळे मागणी आणि पुरवठा यांचा मेळ क्षणोक्षणी घालावा लागतो. भारतीय ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्‌झ असून ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्‌झ या अरुंद पट्ट्यात राखणे अपेक्षित असते. हा मेळ पूर्वी प्रामुख्याने निर्मितीच्या बाजूने घातला जाई. छतावरील सौर संच, शेतातील सौर प्रकल्प आणि विजेवरील वाहने आल्यानंतर वितरणाच्या टोकालाही वीज दोन्ही दिशांनी वाहू लागली, आणि जिथे आजवर माहिती पोहोचतच नव्हती त्या टोकाची खबर ठेवणे अपरिहार्य झाले.

या तंत्रज्ञानांचा विचार नाशिक जिल्ह्याच्या संदर्भात करणे विशेष उपयुक्त आहे, कारण जाळ्याचे जवळजवळ सगळे घटक येथे थोड्या अंतरात आढळतात. एकलहरे येथे महानिर्मितीचे प्रत्येकी २१० मेगावॉटच्या तीन संचांचे औष्णिक केंद्र आहे. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींत एबीबी आणि सीजी पॉवर यांसारख्या कंपन्यांचे स्विचगिअरचे (वीज जोडण्या-तोडण्याच्या उपकरणांचे) कारखाने आहेत, तर शिलापूर येथे केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची विद्युत उपकरणांच्या चाचणीसाठीची प्रादेशिक प्रयोगशाळा आहे. निफाड व दिंडोरीतील द्राक्षबागा, लासलगाव परिसरातील कांद्याचे क्षेत्र, मालेगावचे यंत्रमाग आणि पेठ-सुरगाण्याचे विखुरलेले पाडे यांच्या विजेच्या गरजा मात्र एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. बहुतेक जिल्ह्यात वितरण महावितरणकडे असले, तरी मालेगाव शहरात २०२० पासून ते फ्रँचायझीमार्फत चालते.

वेळेचे बंधन : जाळ्यातील प्रत्येक माहितीला पोहोचण्याची एक मुदत असते आणि कोणते माध्यम वापरायचे हे त्या मुदतीवरून ठरते. सर्वांत कठोर मुदत संरक्षण यंत्रणेची असते. ५० हर्ट्‌झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. वाहिनीवर दोष निर्माण झाला की काही आवर्तनांच्या आत प्रवाह तोडणारा ब्रेकर उघडावा लागतो. त्यामुळे उपकेंद्रातील दोष ओळखणाऱ्या एका रिलेकडून दुसऱ्याकडे जाणारा संदेश तीन-चार मिलिसेकंदांत पोहोचणे आवश्यक ठरते. यासाठी आयईसी ६१८५० हे मानक वापरले जाते. या मानकातील ‘गूज’ नावाचे संदेश पोच मिळण्याची वाट पाहत नाहीत. ते उपकेंद्राच्या स्थानिक जाळ्यात अल्प अंतराने पुन:पुन्हा प्रसारित केले जातात. पूर्वी नियंत्रण कक्ष आणि यार्ड यांच्यामध्ये तांब्याच्या शेकडो तारा ओढाव्या लागत. त्यांतील बऱ्याच तारांचे काम आता मोजक्या प्रकाशतंतूंवर भागते.

त्यानंतरचा स्तर सेकंदांचा. उपकेंद्रातील दूरस्थ टर्मिनल एकक, म्हणजेच आरटीयू, काही सेकंदांच्या अंतराने मोजमापे गोळा करून दूरवरून देखरेख व नियंत्रण करणाऱ्या ‘स्काडा’ प्रणालीमार्फत नियंत्रण केंद्राला पाठवते. महाराष्ट्रासाठी हे काम ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र करते आणि पश्चिम विभागाचे केंद्र मुंबईत आहे. विजेचे नियोजन मात्र १५ मिनिटांच्या कालखंडांत, म्हणजे दिवसाच्या ९६ भागांत होते. एकलहऱ्याच्या संचाने कोणत्या कालखंडात किती वीज द्यायची हे याच वेळापत्रकानुसार ठरते.

स्काडाची एक उणीव मूलभूत आहे. वेगवेगळ्या ठिकाणची मोजमापे अगदी एकाच क्षणी घेतलेली नसतात, त्यामुळे दोन टोकांच्या दाबांमधील कोनाचा फरक, जो जाळ्यावरील ताणाचा सर्वांत विश्वासार्ह निदर्शक आहे, त्यातून थेट मिळत नाही. ही उणीव फेझर मापन एककाने भरून काढली. उपग्रहाकडून येणाऱ्या अचूक वेळेशी जुळवून दर सेकंदाला २५ किंवा ५० मोजमापे देणाऱ्या या उपकरणाचा पहिला नमुना १९८८ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक येथे अरुण फडके आणि जेम्स थॉर्प यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, आणि २००८ मध्ये दोघांना बेंजामिन फ्रँकलिन पदक मिळाले. येथे घड्याळाची अचूकता निर्णायक असते : ५० हर्ट्‌झला एक मिलिसेकंदाची चूक कोनात १८ अंशांची चूक घडवते, म्हणून मायक्रोसेकंदाच्या पातळीवर वेळ जुळवावी लागते. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर भारतात, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व व ईशान्य भारतातही, ग्रिड कोसळले, तेव्हा बिना-ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीवरील रिलेने अतिभारालाच दोष समजून वाहिनी बंद केली होती. महाराष्ट्राचा समावेश असलेले पश्चिम ग्रिड त्या वेळी तगून राहिले. या घटनेनंतर देशभर फेझर मापन एकके बसवण्याच्या कामाला गती आली.

माध्यमे : उच्चदाब उपकेंद्रात वाहिनीच्या प्रवेशापाशी टांगलेली पिंपासारखी गुंडाळी अनेकांनी पाहिली असेल. ती वेव्ह ट्रॅप होय. वीज वाहणाऱ्या तारेवरूनच काही दशक ते काही शेकडा किलोहर्ट्‌झचे संकेत पाठवण्याची पद्धत भारतात दीर्घकाळ मुख्य होती, आणि तो संकेत उपकेंद्राच्या यंत्रांत शिरू नये म्हणून ही गुंडाळी लागते. आता पारेषण मनोऱ्यांच्या माथ्यावरून जाणाऱ्या भूतारेच्या गाभ्यातच प्रकाशतंतू घातलेले असतात. आकाशातील विजेपासून संरक्षण आणि संदेशवहन ही दोन्ही कामे ती एकच तार करते.

वितरणाच्या टोकाला मात्र असा एकच उपाय चालत नाही. दाट वस्तीत मीटरांनी एकमेकांमार्फत संदेश पुढे सरकवण्याची रेडिओ जाळी उपयोगी पडते. भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याविना वापरता येतो. जुन्या नाशिकच्या पंचवटीसारख्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या वाड्यांच्या भागात ती सहज उभी राहू शकते, परंतु पेठ किंवा त्र्यंबकेश्वर तालुक्यातील दोन पाड्यांमधले अंतर आणि मधला डोंगर ती ओलांडू शकत नाही. तेथे मोबाइल जाळ्यावर अवलंबून राहावे लागते. मोबाइलच्या मनोऱ्यालाही वीज लागते, आणि वादळात फीडर (उपकेंद्रातून निघणारी वितरण वाहिनी) बंद पडल्यावर मनोऱ्याची बॅटरी संपली की ज्या वेळी माहितीची सर्वाधिक गरज असते त्याच वेळी ती थांबते. वीज जाताच मीटरने साठवलेल्या अल्प ऊर्जेवर अखेरचा संदेश पाठवण्याची सोय असते. तो संदेश पोहोचेल की नाही हे मात्र माध्यमावरच अवलंबून राहते. डोंगरी तालुक्यांसाठी मीटरची संख्या ठरवण्याआधी संदेशवहनाची पाहणी व्हायला हवी, याचे हेच कारण आहे.

मीटर आणि डेटा : भारतातील स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे मानक असून माहितीच्या देवाणघेवाणीचे नियम आयएस १५९५९ मध्ये दिले आहेत, त्यांचा पाया डीएलएमएस-कोसेम ही आंतरराष्ट्रीय संहिता आहे. सामायिक संहितेमुळे एका कंपनीचा मीटर दुसऱ्या कंपनीच्या प्रणालीला वाचता येतो, आणि वितरण कंपनी एकाच पुरवठादाराच्या हाती सापडत नाही. मीटरचे वाचन प्रथम मीटरांशी थेट संपर्क ठेवणाऱ्या हेड-एंड प्रणालीत आणि तेथून मीटर डेटा व्यवस्थापन प्रणालीत जाते, जिथे गहाळ नोंदी शोधणे, विसंगत आकडे वेगळे काढणे आणि बिलासाठी माहिती सिद्ध करणे ही कामे होतात. दर अर्ध्या तासाला एक नोंद धरली तरी दहा लाख मीटरांच्या दिवसाकाठी ४.८ कोटी नोंदी होतात. मीटरचे छायाचित्र काढून महिन्यातून एकदा वाचन घेण्याच्या पद्धतीसाठी उभारलेली व्यवस्था एवढा ओघ पेलू शकत नाही.

२०२१ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवण्यात आले. योजनेत फीडर आणि रोहित्रांचे (ट्रान्सफॉर्मरचे) मीटरही आहेत, परंतु सार्वजनिक चर्चा जवळजवळ पूर्णपणे घरगुती मीटरभोवती फिरली. वास्तविक रोहित्रावरचा मीटर अधिक मोलाचा आहे. रोहित्रातून किती वीज गेली आणि त्यावरील ग्राहकांच्या मीटरांत किती नोंदली गेली यांतील फरक दिसला, तरच आकडे टाकून होणारी चोरी, सदोष मीटर आणि तारांमधील गळती यांचा ठावठिकाणा लागतो. नाहीतर संपूर्ण फीडरला तोट्याचा शिक्का बसतो आणि नियमित बिल भरणाराही भारनियमन सोसतो.

शेतीच्या डीपीचे, म्हणजे रोहित्राचे, उदाहरण यासंदर्भात सविस्तर पाहण्यासारखे आहे. पाच अश्वशक्तीचा पंप सुमारे ३.७ किलोवॉटचा असतो. असे पंधरा पंप एका ६३ केव्हीएच्या रोहित्रावर असतील आणि शक्तिगुणक ०.८ असेल, तर मोटारींची कार्यक्षमता हिशेबात न घेताही भार ७० केव्हीएच्या घरात जातो. त्यात पंपांना ऑटोस्विच लावलेले असले, तर वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात आणि प्रत्येकीचा आरंभीचा प्रवाह नेहमीच्या कित्येक पट असतो. रब्बीच्या ऐन हंगामात डीपी जळण्यामागे हे एक मोठे कारण आहे. ऑटोस्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, हे आवाहन महावितरण वर्षानुवर्षे करत आले आहे. पण रात्री-अपरात्री येणाऱ्या विजेसाठी बिबट्याच्या भीतीत विहिरीवर जाऊन बसण्यापेक्षा शेतकऱ्याने ऑटोस्विच पसंत केला, तर त्याला दोष देता येत नाही. रोहित्रावरील मीटरने प्रवाह, दाब आणि तेलाचे तापमान कळवले, तर कोणती डीपी आठवडाभरात निकामी होण्याच्या बेतात आहे हे आधी कळू शकते, एकाच वेळी सुरू होणारा भार ओळखता येतो, आणि फीडरचे भाग टप्प्याटप्प्याने चालू करता येतात. द्राक्षाच्या ऐन भरणीत आठ दिवस पाणी चुकल्याने होणारे नुकसान पाहता ही माहिती बिलाच्या अचूकतेपेक्षा किती तरी अधिक कामाची आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्रांजवळ सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज देण्यात येते. रात्रीच्या ओलिताची सक्ती यामुळे कमी होते. मात्र ढग आले की उत्पादन मिनिटभरात घसरते आणि पंप बंद असतील तर जादा वीज उलट दिशेने उपकेंद्राकडे वाहते. प्रकल्पाचे इन्व्हर्टर, फीडरचा मीटर आणि उपकेंद्राचा आरटीयू यांची माहिती एकाच नियंत्रकासमोर असली, तरच दाब मर्यादेत ठेवता येतो.

ग्राहकाचे स्थान : सामान्य घरगुती ग्राहकांना स्मार्ट प्रीपेड मीटर लावले जाणार नाहीत, असे महाराष्ट्र शासनाने जून २०२४ मध्ये जाहीर केले, त्यानंतर वापर झाल्यावर बिल देणारे, टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराच्या वेळेनुसार नोंद ठेवणारे) नावाने ओळखले जाणारे मीटर बसवण्यास सुरुवात झाली. १ जुलै २०२५ पासून असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर प्रति युनिट ८० पैसे ते १ रुपया सवलत लागू झाली. सौर वीज मुबलक असलेल्या वेळेकडे मागणी वळवणे हा तिचा हेतू आहे. ग्राहकाला ती खऱ्या अर्थाने उपयोगी पडायची, तर त्याचा तासागणिक वापर त्याला मराठीत, सहज समजेल अशा रूपात दिसला पाहिजे. तीच माहिती घर केव्हा रिकामे असते, माणसे केव्हा झोपतात, कोणती उपकरणे वापरतात हेही उघड करू शकते. म्हणून ती कोण पाहतो, किती काळ ठेवतो आणि कोणाला देतो यावर बंधन हवे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मुळे त्याला कायद्याचा आधार मिळाला आहे.

सुरक्षा : २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील तीन वितरण कंपन्यांच्या नियंत्रण प्रणालीत शिरून हल्लेखोरांनी दूरवरून ब्रेकर उघडले आणि सुमारे सव्वा दोन लाख ग्राहकांची वीज घालवली. कर्मचाऱ्यांनी उपकेंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन हाताने ब्रेकर जोडले, म्हणून पुरवठा काही तासांत परत आला. भारतात केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२१ मध्ये वीज क्षेत्रासाठी सायबर सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दूरस्थ आदेशाने वीज जोडणे-तोडणे शक्य झालेल्या प्रत्येक मीटरला स्वतंत्र सांकेतिक किल्ली असणे, आदेशाची सत्यता पडताळणे आणि कार्यालयीन संगणक व नियंत्रण प्रणाली यांची जाळी वेगळी ठेवणे ही या क्षेत्रातील मूलभूत पथ्ये होत. उपकेंद्र हाताने चालवू शकणारे अनुभवी ऑपरेटर आणि लाइनमन टिकवून ठेवणे हेही तितकेच आवश्यक आहे.

भाराचा अंदाज : साठवलेल्या नोंदींचा एक महत्त्वाचा उपयोग पुढील मागणीचा अंदाज बांधण्यासाठी होतो. हवामान, पीकहंगाम, सणवार आणि कारखान्यांच्या पाळ्या यांचा मेळ घालून तो काढला जातो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थासारख्या प्रसंगी मात्र मागील वर्षाची तुलना उपयोगी पडत नाही. यापूर्वीचा सिंहस्थ २०१५ मध्ये झाला. राष्ट्रीय स्मार्ट ग्रिड अभियान त्याच वर्षी सुरू झाले असल्याने त्या पर्वणीची मीटरनिहाय सूक्ष्म नोंद मिळण्याचा प्रश्न नव्हता. २०२६-२७ च्या सिंहस्थात साधुग्राम, घाट आणि वाहनतळांच्या तात्पुरत्या जोडण्यांवर फीडर व रोहित्र पातळीवर अर्ध्या तासाची नोंद ठेवली गेली, तर पुढील पर्वणीच्या नियोजकांना प्रत्यक्ष मोजमापांवरून रोहित्रांची क्षमता आणि वाहिन्यांची संख्या ठरवता येईल.