‘बेस्ट बिफोर’ आणि ‘युज बाय’: घरून विकलेल्या पदार्थावर कोणती तारीख?

एका गणपतीत ओळखीच्या काकूंनी उकडीच्या मोदकांच्या खोक्यावर ‘बेस्ट बिफोर 2 दिवस’ असा शिक्का मारलेला पाहिला आणि काळजात धस्स झालं. काकू सुगरण, ओटा लख्ख, अन्नसुरक्षा नोंदणीचा 14 आकडी क्रमांकही खोक्यावर छापलेला. चिवड्याच्या पाकिटांसाठी करून घेतलेला शिक्काच त्यांनी दिवसांचा आकडा बदलून मोदकांना लावला होता. घरून पदार्थ विकणाऱ्या बऱ्याच जणींचं असं होतं, कारण दोन्ही शब्दांचा अर्थ ‘या तारखेच्या आत खा’ एवढाच वाटतो.

‘बेस्ट बिफोर’ म्हणजे चवीची हमी. सांगितल्याप्रमाणे ठेवला तर त्या दिवसापर्यंत पदार्थ आपल्या मूळ चवीत, वासात, कुरकुरीतपणात राहील. तारीख उलटल्यावर तो कदाचित खाण्याजोगा असेलही, पण उतरलेला असेल. ‘युज बाय’ किंवा ‘एक्सपायरी’ ही सुरक्षिततेची मर्यादा. ती ओलांडली की पदार्थ विकायचाच नाही. 2020 च्या लेबलविषयक नियमांत पाकीटबंद पदार्थावर तयार केल्याची किंवा पॅक केल्याची तारीख आणि ‘एक्सपायरी’ किंवा ‘युज बाय’ आवश्यक आहे. ‘बेस्ट बिफोर’ हवं तर जोडीला लिहायचं. म्हणजे चिवड्याच्या पाकिटावरही एकटं ‘बेस्ट बिफोर’ पुरत नाही. दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ट्रेवर मात्र 1 ऑक्टोबर 2020 पासून ‘बेस्ट बिफोर’ तारीख दाखवणं सक्तीचं झालं. घोळ वाढायला तेही एक कारण असावं असं मला वाटतं.

पण नियमाची भाषा बाजूला ठेवली तरी हा फरक आपल्या बोलीत आधीपासून आहे. चकली सादळते, शेव खवट होते. उसळ आंबते, वरणाला तार सुटते, भाजी विटते. पहिल्या जोडीतला शत्रू हवा आणि दमटपणा. तेलाचा हवेशी संयोग होत राहतो आणि खवट वास येतो. पावसाळी हवेतला ओलावा चकलीत शिरतो आणि ती मऊ पडते. असं काही खाल्लं की तोंड वाकडं होतं, पण सहसा कुणी दवाखान्यात जात नाही. दुसऱ्या जोडीत मात्र जिवंत सूक्ष्मजंतू असतात. त्यांना पाणी लागतं, ऊब लागते आणि वेळ लागतो. ओलं खोबरं, शिजलेला भात, पनीर, दही घातलेली कोशिंबीर यांत पाणी भरपूर, आणि ऊब आपली हवाच देते.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट भात. ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात तासन्‌तास ओट्यावर कोमट राहिला की ते वाढीला लागतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानं जात नाही. असा भात खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. आणि भाताला वास येईलच असं नाही! ‘मी वास घेऊन, चाखूनच डबा भरते’ असं प्रेमानं सांगणाऱ्या ताईंना म्हणूनच मला हात जोडून सांगावंसं वाटतं की नाकाला खवटपणा कळतो, हे विष कळत नाही.

डब्याच्या जेवणावर तर कोणी तारीख छापत नाही. तिथे हिशेब तासांचा आणि तापमानाचा. गरम पदार्थ 60 अंश सेल्सिअसच्या वर, थंड पदार्थ 5 अंशांच्या खाली. मधला पट्टा जंतूंचा. सकाळी सहाला केलेला मसालेभात झाकून ठेवून दुपारी एकच्या डब्यात भरायचा असेल, तर तो त्या पट्ट्यात सात तास पडून राहतो. भात भरायच्या वेळेला लावलेला बरा. आधीच करावा लागला, तर परातीत पसरून लवकर निववावा आणि फ्रीजमध्ये ठेवावा. खोल पातेल्याच्या मध्यभागी तो फार वेळ कोमट राहतो.

तारीख ठरवायची पद्धतही दोन्हींसाठी वेगळी. ‘बेस्ट बिफोर’ घरी बऱ्यापैकी ठरवता येते: प्रत्येक घाण्यातली चार-पाच पाकिटं बाजूला ठेवायची, आठवड्याला एक फोडायचं, आणि जिथे चकली मऊ लागली त्याच्या बऱ्याच अलीकडची तारीख लिहायची. परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी पार्सलच्या प्रवासाचे दिवसही यात धरावेत. ‘युज बाय’ अशी चाखून ठरत नाही. लोणची, चटण्या, ओल्या सारणाचे पदार्थ नियमित विकायचे असतील, तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा. खर्च होतो, पण माझ्या मते नव्या मिक्सरच्या आधी तो करावा.

काकूंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “मग सुक्या खोबऱ्याच्या करंज्यांना जुना शिक्का चालेल ना?” जोडीला ‘युज बाय’ लिहून चालेल. मोदकांच्या खोक्यावर आता त्या हातानं लिहितात: ‘आज सकाळी 9 ला वाफवले. आजच दुपारच्या जेवणात संपवा, उरले तर लगेच फ्रीजमध्ये.’