तंत्रज्ञान उद्योगातील सामाजिक गतिशीलता

तंत्रज्ञान उद्योगातील सामाजिक गतिशीलता : कमी उत्पन्नाच्या, कष्टकरी किंवा शिक्षणाची परंपरा नसलेल्या घरांतून आलेल्या व्यक्तींना सॉफ्टवेअर, हार्डवेअर, माहितीसेवा अशा क्षेत्रांत शिरता येणे, टिकता येणे आणि वरच्या पदांवर जाता येणे. त्यातले अडथळे आणि ते दूर करण्याचे उपाय यांचाही विचार या संकल्पनेत होतो. तिच्या जोडीने सामाजिक-आर्थिक वैविध्याचा उल्लेख होतो, पण या दोन गोष्टी एक नव्हेत. गतिशीलता पिढ्यांमधला प्रवास पाहते : आईवडील कुठे होते आणि मूल कुठे पोहोचले. वैविध्य म्हणजे एखाद्या संस्थेत आज कोणकोणत्या थरांतली माणसे आहेत याचे चित्र. ग्राहकसेवेच्या आणि चाचणीच्या विभागांत गरीब घरांतली पुष्कळ मुले असतील, पण उत्पादनाचा आराखडा आणि अंदाजपत्रक जिथे ठरते त्या बैठकीत त्यांपैकी एकही नसेल, तर कंपनीच्या आकड्यांत वैविध्य दिसते. गतिशीलता मात्र पहिल्याच पायरीवर अडलेली असते.

या उद्योगाकडून अपेक्षा अधिक ठेवली जाते, याला कारण आहे. वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. प्रोग्रॅमरला बहुतेक देशांत असा कोणताही परवाना लागत नाही. पगार चांगले, वाढ वेगवान, साधने बरीचशी मोफत. त्यातून ‘कोड चालला की झाले, तो कोणी लिहिला हे कोण विचारतो’ अशी या क्षेत्राची स्वतःबद्दलची समजूत तयार झाली. ती अगदीच खोटी नाही. सॅम फ्रीडमन आणि डॅनियल लॉरिसन या समाजशास्त्रज्ञांनी ब्रिटनच्या श्रमबळ पाहणीतील आकडे तपासले, तेव्हा वैद्यक आणि कायदा यांच्या तुलनेत अभियांत्रिकी व माहिती तंत्रज्ञानात कष्टकरी घरांतली माणसे अधिक प्रमाणात आढळली. परंतु त्याच संशोधनात असेही दिसले, की वरच्या दर्जाच्या व्यवसायांत पोहोचल्यावरही कष्टकरी घरांतून आलेल्यांची सरासरी कमाई सुस्थित घरांतल्या सहकाऱ्यांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी राहते. आत शिरणे आणि बरोबरीने उभे राहणे यांत अंतर उरते.

पार्श्वभूमी

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, तळाच्या १० टक्के उत्पन्नगटातील कुटुंबाच्या वंशजांना देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत यायला सदस्य देशांत सरासरी ४ ते ५ पिढ्या लागतात. डेन्मार्कमध्ये २, कोलंबियात ११, भारतात ७. चांगल्या पगाराची नवी नोकरी ही या पिढ्या वाचवण्याची एक वाट आहे, आणि गेल्या काही दशकांत अशा नोकऱ्यांचा मोठा वाटा तंत्रज्ञानानेच दिला.

ही वाट सर्वांना सारखी दिसते का, याचे सर्वांत बोलके उत्तर अमेरिकेतील नवे शोध लावणाऱ्यांबद्दलच्या एका अभ्यासात मिळते. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी पेटंटच्या नोंदी करखात्याच्या नोंदींशी जोडून पाहिल्या. अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतील मुले मोठेपणी पेटंट मिळवण्याची शक्यता उत्पन्नाच्या खालच्या निम्म्या भागातील मुलांच्या दसपट निघाली. तिसरीतल्या गणिताच्या गुणांनी या तफावतीचा एक तृतीयांशही उलगडा होत नाही. म्हणजे गणितात तितकीच हुशार असलेली गरीब मुले मागे राहिली. कारणांपैकी मोठे कारण सान्निध्याचे. ज्या भागात एखाद्या विशिष्ट तंत्रज्ञानावर काम करणारी माणसे राहतात, तिथे वाढलेली मुले पुढे नेमक्या त्याच तंत्रज्ञानात शोध लावताना दिसतात. हे काम करणारा माणूस ज्याने कधी जवळून पाहिलेलाच नाही, त्याला ते आपले वाटायला फारच जड जाते.

अडथळे कुठे येतात

संगणक महाग हा अडथळा आता पूर्वीइतका मोठा राहिलेला नाही. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक २०१२ मध्ये ३५ डॉलरला आला. इंग्लंडने २०१४ पासून वयाच्या पाचव्या वर्षापासून संगणकशास्त्र अभ्यासक्रमात आणले. २०१२ च्या आसपास नामांकित विद्यापीठांचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट खुले झाले आणि आता शिक्षणाची मक्तेदारी संपली असे बोलले गेले. प्रत्यक्षात जॉन हॅन्सन आणि जस्टिन राइक यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले, की अमेरिकेत अशा अभ्यासक्रमांना नोंदणी करणारे तुलनेने सुस्थित वस्त्यांतले होते, आणि किशोर व तरुण विद्यार्थ्यांत घरची परिस्थिती जितकी बरी तितकी अभ्यासक्रम पूर्ण करण्याची शक्यताही अधिक होती. शुल्क शून्य झाले तरी वेळ फुकट होत नाही.

या विषयातली खरी मेख इथेच आहे. शिकण्याचा, थांबण्याचा आणि कदाचित नापास होण्याचा खर्च कोण सोसतो, यावर सगळे ठरते. घरी करून पाठवायची चाचणी घ्या. उमेदवाराला ईमेल येतो : छोटेसे अॅप बनवा, साधारण ४ तासांचे काम आहे, सोमवारपर्यंत पाठवा. ४ तास कोणालाच पुरत नाहीत. टेस्ट केसेस, रीडमी फाइल, जमल्यास ते अॅप सर्व्हरवर चढवून त्याची लिंक असे करता करता शनिवार-रविवार जातो. ज्याला स्वतःची खोली आणि चांगला लॅपटॉप आहे त्याच्यासाठी ही संधीच. ज्याची रविवारी कामाची पाळी आहे, घरात एकच फोन आहे आणि हॉटस्पॉटचा डेटा संपत आला आहे, त्याचे काम अर्धवट दिसते, आणि तपासणाऱ्याला दिसते ते फक्त काम. ओपन सोर्समधील, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या सॉफ्टवेअरमधील, योगदानाबाबतही हेच : कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावर रोजच्या कामाची नोंद दाखवणारे हिरवे चौकोन पाहून उमेदवाराची आवड जोखली जाते, पण ते चौकोन रिकाम्या संध्याकाळींतून भरतात. आउटरीची हा उपक्रम नवशिक्यांना ओपन सोर्समधील कामासाठी मानधन देतो, ते म्हणूनच मोलाचे.

दुसरी गाळणी ओळखीची. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडले, की नोकरीची बातमी जिवलगांपेक्षा लांबच्या ओळखीतून अधिक येते. तंत्रज्ञान कंपन्यांत या ओळखीला रेफरल असे व्यवस्थित नाव आणि बक्षीसही आहे. आतला कर्मचारी नाव सुचवतो, अर्ज ढिगाऱ्यातून वर येतो, नेमणूक झाली की सुचवणाऱ्याला बोनस मिळतो. कंपनीला हे स्वस्त आणि विश्वासाचे वाटते, आणि ते तसे असतेही. पण माणसे आपल्यासारखीच माणसे ओळखतात, त्यामुळे आहे तोच साचा पुन्हा भरला जातो.

भारतातील कॅम्पस भरतीत आणखी एक अट सर्रास दिसते : दहावी, बारावी आणि पदवी तिन्हींत ६० टक्के, बॅकलॉग (नापास राहिलेला विषय) नको, शिक्षणात खंड नको. बारावीनंतर घर चालवायला वर्षभर काम केलेला मुलगा या तिसऱ्या अटीवर गळतो. त्याच्या कोडिंगचा प्रश्नच येत नाही.

मुलाखतीबद्दल २०२० मधील एक प्रयोग उद्बोधक आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट येथील संशोधकांनी संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना एकाच प्रकारचा प्रश्न दिला. काहींनी तो परीक्षकासमोर, फळ्यावर, मोठ्याने विचार करत सोडवला. इतरांनी खोलीत एकट्याने. पाहणाऱ्याच्या उपस्थितीत कामगिरी निम्म्याहून खाली घसरली. प्रयोग वर्गीय फरकाबद्दल नव्हता. तरीही फळ्यासमोर निर्धास्त बोलण्याचा सराव कोणाला असतो, हे उघड आहे : ज्यांचे मित्र, सीनियर किंवा शिकवणीवाले सराव मुलाखती घेतात त्यांना.

उपाय आणि त्यांचे अनुभव

पदवीची अट काढणे हा सर्वांत गाजलेला उपाय. आयबीएमच्या तत्कालीन प्रमुख जिनी रोमेटी यांनी २०१६ च्या सुमारास पदवीविना कौशल्याच्या नोकऱ्यांचा जोरदार पुरस्कार केला, आणि पुढे अनेक कंपन्यांनी जाहिरातींतून पदवी वगळली. हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि बर्निंग ग्लास इन्स्टिट्यूट यांच्या २०२४ मधील अहवालाने हिशेब मांडला : अमेरिकेत आदल्या वर्षी झालेल्या दर ७०० नेमणुकांत एकीलाही या बदलाचा फायदा पोहोचला नव्हता. जाहिरात बदलली, पण निवडणाऱ्याचा हात जुन्याच अर्जांकडे गेला. पदवी हे निवडणाऱ्याचे संरक्षणही असते. पदवीधर फसला तर दोष कोणी देत नाही, बिनपदवीचा फसला तर ‘घेतलाच कसा’ असे विचारले जाते. तो धोका उचलण्याची सोय अट काढून होत नाही.

पॅरिसमध्ये उद्योजक झेव्हिए नील यांनी २०१३ मध्ये सुरू केलेली ‘४२’ ही शाळा याहून धाडसी. शुल्क नाही, शिक्षक नाहीत, पदवीची अट नाही. विद्यार्थी एकमेकांचे काम तपासतात. प्रवेशासाठी ४ आठवड्यांची कसोटी असते, तिला ‘पोहण्याचा तलाव’ म्हणतात. दिवसरात्र संगणकांसमोर, रोज नवे प्रश्न, अडला तर शेजाऱ्याला विचार. गुणपत्रिका न पाहता माणूस पारखण्याची ही पद्धत जगभर पसरली. तरी ते ४ आठवडे कमाई बंद ठेवून काढावे लागतात, आणि प्रवेश मिळेल याची हमी नसते.

बूटकॅम्पांनी, म्हणजे थोड्या महिन्यांत कोडिंग शिकवणाऱ्या खासगी संस्थांनी, शुल्काचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवू पाहिला : आत्ता काही देऊ नका, नोकरी लागल्यावर पगारातला हिस्सा द्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या लॅम्डा स्कूलचा (पुढे नाव ब्लूमटेक) करार असा होता : वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा जास्त कमाई झाली, तर २४ महिने १७ टक्के, कमाल ३० हजार डॉलर. ऐकायला धोका संस्थेने घेतल्यासारखे. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने ही कर्जेच आहेत, कर्ज नाही असे सांगून विद्यार्थ्यांची दिशाभूल झाली आणि नोकरी मिळण्याचे आकडे फुगवले गेले, असे ठरवून संस्थेला ग्राहककर्ज देण्यास कायमची बंदी घातली.

ज्यांचा परिणाम चोख मोजला गेला आहे, ते कार्यक्रम यांच्यापेक्षा रुक्ष आहेत. जेराल्ड चेर्टाव्हियन यांनी २००० मध्ये बॉस्टनमध्ये सुरू केलेल्या ‘इयर अप’मध्ये तरुणांना सुमारे ६ महिने प्रशिक्षण आणि ६ महिने कंपनीत प्रत्यक्ष काम, दोन्ही काळात विद्यावेतन मिळते; खर्चाचा मोठा वाटा कंपन्या उचलतात. अर्जदारांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून झालेल्या चाचणीत प्रवेश मिळालेल्यांची कमाई न मिळालेल्यांपेक्षा लक्षणीय वाढली आणि ती वाढ पुढे कित्येक वर्षे टिकली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधून १९९५ मध्ये निघालेल्या ‘पर स्कोलास’चेही अशा चाचणीतले निष्कर्ष चांगले आहेत. भारतात झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने २००५ च्या सुमारास बारावी किंवा पदविका झालेल्या मुलांना शुल्क न घेता, उलट विद्यावेतन देऊन शिकवायला सुरुवात केली आणि त्यांना स्वतःच्याच कामावर घेतले. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे : शिकताना घरखर्चाला पैसे मिळतात आणि पलीकडे नोकरी देणारा आधीच बसलेला असतो. प्रशिक्षणाचा दर्जा त्यानंतरचा मुद्दा.

शिकाऊ उमेदवारीसाठी कायद्याने पैसा उभारण्याचा प्रयत्न ब्रिटनने केला. एप्रिल २०१७ पासून वार्षिक पगारखर्च ३० लाख पौंडांवर असलेल्या कंपन्यांना ०.५ टक्का कर भरावा लागू लागला आणि तो सुरुवातीला उमेदवारी प्रशिक्षणासाठीच परत वापरता येत असे. कंपन्यांनी तो वापरलाही, पण बराचसा आधीच नोकरीत असलेल्यांच्या वरच्या पातळीच्या अभ्यासक्रमांवर; सुरुवातीच्या पातळीवरील तरुणांच्या जागा घटल्या. तिजोरी कुणासाठी उघडायची हे न ठरवता नुसती भरली, तर ती आतल्यांकडेच उघडते.

मोजमाप

लिंग किंवा वंश यांप्रमाणे वर्ग चेहऱ्यावर वा कागदपत्रांत नोंदलेला नसतो, म्हणून तो मोजण्यासाठी प्रश्न नीट घडवावा लागतो. ब्रिटनच्या सामाजिक गतिशीलता आयोगाने सुचवलेला मुख्य प्रश्न असा : तुम्ही साधारण १४ वर्षांचे असताना घरातील मुख्य कमावत्या व्यक्तीचे काम काय होते? आईवडिलांचे उत्पन्न मुलांना सहसा माहीत नसते, काम माहीत असते. उत्तर निनावी गोळा होते आणि निवड करणाऱ्याकडे जात नाही.

जवळपास हाच प्रश्न भारतात टेबलापलीकडूनही विचारला जातो. सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या नियुक्ती अधिकाऱ्यांशी बोलून दाखवले, की हे अधिकारी आपण फक्त गुणवत्ता पाहतो असे ठामपणे सांगतात, आणि त्याच वेळी ‘घरची पार्श्वभूमी’, वडील काय करतात, घरात शिकलेले कोण, हे विचारणे स्वाभाविक मानतात. कॅरोल उपाध्या यांनीही २००७ मध्येच बंगळुरूच्या सॉफ्टवेअर क्षेत्राबद्दल लिहिताना मनुष्यबळ मुख्यतः शहरी, सुशिक्षित, उच्चजातीय मध्यमवर्गातले असल्याचे नोंदवले. तिथे जातीला वगळून केवळ उत्पन्नावर मोजमाप केले तर अर्धे चित्र हाती येते. खासगी नोकऱ्यांना भारतात जातीनिहाय आरक्षण लागू नाही. स्थलांतरित अभियंत्यांबरोबर हा प्रश्न देशाबाहेरही गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीय भेदभावावर बंदी घालणारे सिअॅटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले.

नेमणुकांचे आकडे काही कंपन्या प्रसिद्ध करतात. बढती, पगार आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण वर्गानुसार सांगणाऱ्या फारच थोड्या. कायद्याचा दबावही तोकडा आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यातील सामाजिक-आर्थिक विषमतेचा विचार करण्याचे बंधन स्कॉटलंडमध्ये २०१८ ला आणि वेल्समध्ये २०२१ ला लागू झाले, तेही फक्त सार्वजनिक संस्थांना. खासगी तंत्रज्ञान कंपन्या त्याच्या कक्षेबाहेर आहेत.