महागाई आणि घरखर्च (बेळगाव सीमाभाग)

दुकानातला भाव सगळ्यांना एकच असतो. त्याची झळ मात्र मिळकतीप्रमाणे कमीजास्त बसते. मिळकत जितकी तोकडी तितका तिच्यातला अन्नाचा वाटा मोठा, हे एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियममधील कुटुंबांच्या जमाखर्चावरून दाखवले. घरखर्चातल्या वस्तूंचे भाव किती बदलले हे मोजणाऱ्या, २०१२ हे आधारवर्ष (तुलनेचे वर्ष) धरलेल्या भारताच्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्य-पेयांचा भार, म्हणजे एकूण घरखर्चातला वाटा, ग्रामीण भागात ५४.१८ टक्के, तर शहरी भागात ३६.२९ टक्के होता.

समजा, महिना १२,००० रुपये मिळवणारे घर ६,००० रुपये खाण्यावर घालते. धान्य-भाजी दहा टक्क्यांनी चढली, की ६०० रुपये, म्हणजे मिळकतीचे पाच टक्के जातात. लाख रुपये पगाराच्या घरात खाण्यावर १५,००० जात असतील, तर हाच फटका दीड टक्क्याचा. शिवाय त्या घराला खाली उतरायला पायऱ्या असतात: बाहेरचे जेवण बंद, महाग तांदळाऐवजी साधा. जे घर आधीच सुटे तेल आणि स्वस्त डाळ घेते, तिथे आमटीच पातळ होते.

मिळकत भावामागून किती धावते, हाही प्रश्न असतो. सरकारी नोकराला निर्देशांकानुसार महागाई भत्ता मिळतो. बेळगावच्या वडगाव-खासबागेतला माग चालवणारा साडीमागे मजुरी घेतो; तो दर आपोआप हलत नाही. निपाणीकडच्या विडी कामगार बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते, त्यामुळे विडीच्या पानाचा पुरवठा आखडून विड्या कमी झाल्या, की मजुरीचा दर वाढूनही हाती कमीच पडते. शेतकऱ्याची गंमत वेगळी. टोमॅटो चढला तर विकणारा खूश, पण त्याच गावातल्या भूमिहीन मजुराला तो विकतच घ्यावा लागतो.

सीमेमुळे आणखी एक गोष्ट घडते. राज्यांचे कर निराळे असल्याने कर्नाटकात पेट्रोल बहुतेक काळ महाराष्ट्राहून स्वस्त राहिले आहे, म्हणून कोल्हापूरकडच्या गाड्या कोगनोळी-निपाणीच्या पंपांवर टाकी भरून घेतात. अर्थात हा फायदा गाडीवाल्याचा. गाडी नसलेल्या घराला हातभार लागतो तो ११ जून २०२३ पासून कर्नाटकात सुरू झालेल्या बायकांच्या मोफत बसप्रवासाचा, रेशनच्या तांदळाचा आणि घरच्या कर्त्या बाईला मिळणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिना २,००० रुपयांचा. तांदूळ किलोवर मिळतो, त्यामुळे बाजारभाव वाढला तरी पोत्यातले माप तेवढेच राहते. २,००० रुपयांत येणारे तेल, डाळ आणि गॅस मात्र दर भाववाढीला कमी होत जातात.